रात्री पाणी धरलेला कडा: यूरेमधला एक दिवस

सातारी_कातळ

'वेण्णा लेकवर हिमकण, महाबळेश्वर गारठले' ही बातमी दर हिवाळ्यात वाचत मोठा झालेला माणूस मी. गाडीच्या टपावर गोठलेलं ते दव बोटाने खरवडून बघायला एकदा पहाटे चारला साताऱ्याहून बाइकवर निघालो होतो. बर्फाशी माझी ओळख एवढीच. आणि परवा संक्रांतीच्या शनिवारी हा माणूस दोन्ही हातांत विळ्यासारखी वाकडी टूल्स घेऊन, बुटांना खिळे बांधून, बर्फाच्या उभ्या भिंतीला पालीसारखा चिकटला होता. घरी अजून सांगितलेलं नाही. इथे लिहितोय, कारण आई हे संस्थळ वाचत नाही.

सोबत सरपंच होता. हॉस्टेलवर सगळ्यांची भांडणं मिटवायचा म्हणून हे नाव पडलं आणि त्याच्यामागोमाग डेन्व्हरपर्यंत आलं. तो पाच हिवाळे बर्फ चढतोय. मी सह्याद्रीतला गडी. तैलबैला, नागफणी, लिंगाणा झालेत. लीड (दोर घेऊन पुढे चढणं) कमी, सेकंड (मागून, वरून धरलेल्या दोरावर) जास्त, पण कातळाची भीती केव्हाच मोडलेली. त्यामुळे त्याने "येतोस का?" विचारल्यावर मी "त्यात काय!" म्हणून गेलो.

तर यूरे. इंग्रजी स्पेलिंगवरून उच्चार कळणं शक्य नाही, म्हणून सांगतो. यूट लोकांच्या एका प्रमुखाचं हे नाव. कोलोरॅडोच्या नैर्ऋत्येला सॅन हुआन डोंगरांच्या खोबणीत बसलेलं, एकेकाळी चांदी-सोन्याच्या खाणींवर पोसलेलं गाव. उंची ७,७९२ फूट. म्हणजे कळसूबाईवर आणखी जवळजवळ चोवीसशे फूट रचले की यूरेची बाजारपेठ लागते. डेन्व्हरहून मोनार्क पास (११,३१२ फूट), गनिसन, माँट्रोझ असं करत सहा तास. शुक्रवारी रात्री पोचलो. जानेवारीत इथे आइस फेस्टिव्हल भरतो, तेव्हा दोर टाकायला जागा मिळत नाही म्हणून त्याच्या आधीचा आठवडा धरला होता.

जेवण झाल्यावर सरपंच म्हणाला, "चल, शेत दाखवतो."

गावाच्या दक्षिणेला अनकम्पाग्रे नदीची अरुंद, खोल घळ आहे. तिच्या काठाने एका जुन्या जलविद्युत केंद्राला पाणी नेणारा मोठा नळ जातो. एकोणिसाव्या शतकातलं हे केंद्र. नळ म्हटला की गळती आली. हिवाळ्यात त्या गळतीचे बर्फाचे पडदे घळीत लोंबायचे आणि आसपासचे गिर्यारोहक ते चढायचे. १९९० च्या दशकात गावातल्याच काही जणांच्या डोक्यात आलं, की ही गळती आपणच ठरवून केली तर? काठाने पाइप टाकले, फवारे बसवले, आणि आज मैलभराहून लांब घळीत दीडशेहून जास्त मार्ग दर हिवाळ्यात नव्याने उभे राहतात. आत जायला पैसे नाहीत. देणग्या आणि सभासदांच्या वर्गणीवर चालतं. थंडीच्या रात्री तोट्या उघडणारे, फवारे इकडचे तिकडे करणारे जे लोक आहेत त्यांना तिथे 'आइस फार्मर'च म्हणतात.

आम्ही पुलावर उभे होतो. काठावर दोन हेडलॅम्प हलत होते. काळोखात पाण्याचा सर्र आवाज येत होता. त्यातला एक जण एका पाइपजवळ वाकला, टिचकी मारली, कान लावला, पुढे गेला.

मी गप्प झालो. आमच्याकडे कोरेगाव भागात थ्री-फेज लाइट कित्येकदा रात्रीची असायची. वडील रात्री दारं धरायला जायचे आणि सुट्टीत बॅटरी धरायला मी. एक वाफा भरला की फावड्याने दार मोडायचं, पुढच्याला पाणी लावायचं. पाणी कुठवर आलंय हे वडील बघायचे नाहीत, ऐकायचे. आणि इथे हजारो मैलांवर कुणीतरी त्याच चालीने रात्रभर कड्याला पाणी देत होतं. पीक तेवढं वेगळं.

सकाळी सातला घळीच्या तोंडाशी. उणे १४. शिकाऊ लोकांसाठी 'स्कूल रूम' नावाचा भाग आहे, तिथे आमच्या आधीच चार दोर पडलेले. इथे नंबर-बिंबर नाही, आधी येईल त्याचा मार्ग. सरपंचाने काठावर दोन वेगवेगळ्या ठिकाणी बांधून दोर अडकवायचा अँकर लावला, प्रत्येक गाठ मला दाखवली, दोर सोडला आणि आम्ही पायवाटेने खाली उतरलो. खाली नदी बर्फाच्या सालीखालून बोलत होती. तिच्यावर कुठे पाय द्यायचा आणि कुठे नाही, हेही त्यानेच दाखवलं.

क्रॅम्पॉन म्हणजे बुटाखाली बांधायचे लोखंडी दात. आधी सगळे दात जमिनीकडे असायचे, त्यामुळे चढ उभा झाला की पायऱ्या खोदाव्या लागत. १९२९ मध्ये लॉरां ग्रिवेल या इटालियन लोहाराने पुढे दोन दात काढले आणि माणूस सरळ भिंतीला लाथ मारून उभा राहायला लागला. पुढे १९६०च्या दशकात इव्हाँ शुईनार या अमेरिकन गिर्यारोहकाने बर्फाच्या कुऱ्हाडीचं चोचीसारखं टोक वाकवून घेतलं आणि ते बर्फात रुतायला लागलं. या दोन बदलांवर हा अख्खा खेळ उभा आहे. हे ज्ञान सरपंच मला बूट बांधता बांधता देत होता आणि माझं लक्ष बोटं अजून शिल्लक आहेत का याकडे होतं.

पहिले वीस घाव मी लाकडं फोडल्यासारखे घातले. बर्फाचा चुरा तोंडावर, टूल काही बसेना. खालून आवाज, "लेका, बोअर मारतोयस का? पाणी वरनं येतंय!"

मग त्याने मला खाली घेतलं आणि जमिनीवरून दाखवलं. हात खांद्यातून यायचा, पण शेवटच्या क्षणी मनगट सुटलं पाहिजे, चाबूक मारल्यासारखं. फुगवटा दिसला की तिथे मारायचं नाही, बाजूचा खळगा शोधायचा. फुगवट्यावर घाव पडला की बर्फाची चकती निघते, खळग्यात तोच घाव मुरतो. कुणीतरी आधी मारून ठेवलेलं भोक असेल तर त्यात टूल नुसतं अडकवायचं, लाज बाळगायची नाही. नीट बसलेल्या टूलचा आवाज बुटका येतो, थक्क. पोकळ असेल तर घंटेसारखा खणखणतो. परत ऐकणंच आलं.

हात त्यामानाने लवकर सुधारले. पायांनी मात्र छळलं. कातळावर बारीक पावठी मिळाली की आपण बोटांवर उभे राहतो, टाच वर. पंधरा वर्षं शरीरात मुरलेली सवय. बर्फावर टाच उचलली की पुढचे दात खालच्या बाजूने उचकटून निघतात. टाच खाली सोडली तर मागचे दातही टेकतात आणि माणूस फळीवर उभा असल्यासारखा स्थिर होतो. हे कळणं सोपं आहे, करणं नाही. सरपंच दर दोन फुटांना "टाच! टाच!" ओरडत होता. शेजारच्या दोरावरच्या बाईंनी शेवटी अर्थ विचारला आणि मग त्याही मला "टाच!" म्हणायला लागल्या. मराठी भाषेचा प्रसार असाही होतो.

वर पोचलो. अंदाजे ऐंशी फूट. वरून फवाऱ्याचे थेंब हेल्मेटवर गोठत होते. सरपंचाने खाली उतरवलं आणि मी मोठ्या ऐटीत "त्यात काय" म्हणणार, तेवढ्यात बोटांत काहीतरी व्हायला लागलं. आधी मुंग्या, मग कळ, मग अशी कळ की मी दोन्ही हात काखेत घालून उकिडवा बसलो आणि सकाळचं थालीपीठ वर येतंय असं वाटलं. हात डोक्याच्या वर, मूठ आवळलेली, थंडी. रक्त गेलेलं असतं, ते परत येतं. इंग्रजीत या प्रकाराला जे नाव आहे त्यात किंचाळणं आणि ओकणं दोन्ही येतं, आणि त्यात काही अतिशयोक्ती नाही. सरपंच शांतपणे थर्मासमधून चहा ओतत म्हणाला, "मूठ सोड म्हणून चारदा सांगितलं. टूल धरायचं नसतं, टूलला लोंबायचं असतं."

दुसऱ्या चढाईत मी खरंच मूठ सोडली आणि अर्धी उंची सहज गेली. मग हुशारी केली. दोन्ही टूल्स एकाच पातळीत, वीतभर अंतरावर मारली. दोन्ही घावांच्या भेगा एकमेकींना जाऊन मिळाल्या आणि मधली परातीएवढी चकती माझ्यासकट निघाली. मी दोराच्या ताणाइतका, तीनेक फूट खाली. चकती हेल्मेटवर आणि तिचा कोपरा खालच्या ओठावर. खाली सरपंच नियमाप्रमाणे बाजूला उभा होता, चढणाऱ्याच्या थेट खाली नाही, म्हणून ती त्याच्या पायाशी फुटली. त्याने फक्त "दात मोज" एवढंच म्हटलं.

बत्तीसच्या बत्तीस होते. मात्र संक्रांतीचे तिळगूळ थंडीने असे दगड झाले होते की फुटक्या ओठाने ते चघळणं चढाईहून अवघड गेलं. लाडू जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवावेत, ही माझी या खेळातली मौलिक भर.

दुपारी तीनला शेजारचा एक उभा मार्ग केला, डब्ल्यूआय ४, आणि आवरलं.

संध्याकाळी गावातल्या गरम पाण्याच्या कुंडात. वज्रेश्वरी-उन्हवऱ्याला येतो तसा गंधकाचा वास नाही, त्यामुळे मला ते उगाच खोटं वाटत राहिलं. चहूकडे बर्फ, डोक्यावर चांदण्या, मानेपर्यंत कढत पाणी. दंड मात्र उचलत नव्हते.

रात्री घरी व्हिडिओ कॉल. आईने पहिला प्रश्न ओठाचा विचारला. मोटेलच्या दारावर आपटलो म्हणालो. वडील मागून डोकावले, तर त्यांना चढाईचं सोडून रात्री कड्याला पाणी देतात ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मोटार किती हॉर्सपॉवरची?"

"मोटार नाही आप्पा, उताराने येतं."

"मग नशीबवान हायती," म्हणाले, आणि झोपायला गेले.

---

मेतकूट

साष्टांग दंडवत! फोटो कुठायत? ओठाचा पण टाका.

---

पेन्शनर_काका

चिरंजीव, लिहिलंय झकास. पण आईशी खोटं बोललात ते बरं केलं नाहीत. दारावर आपटलेला ओठ आणि फुटलेला ओठ यातला फरक आईला कळत नाही असं वाटतं तुम्हाला? आमच्या घरात अशी पाच दारं आहेत ज्यांच्यावर माझा मुलगा आपटलाय. सगळी ट्रेकला.

---

सातारी_कातळ

काका, मान्य. रविवारी फोन करून सांगणार आहे. फोटोत माझ्या पार्श्वभागाशिवाय काही नाही, कारण काढणारा खाली उभा होता.

---

गारगोटी

टूल्स शेजारी मारण्याबद्दल थोडी भर. बर्फ फार थंड झाला की काचेसारखा ठिसूळ होतो. उणे १४ ला चकत्या निघणारच. शून्याच्या जरा खाली, उणे दोन-तीनला तोच बर्फ मऊ, लवचीक असतो आणि टूल लोण्यात सुरी गेल्यासारखं बसतं. म्हणजे 'जितकी थंडी जास्त तितका बर्फ पक्का' हा समज चूक. सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे वर आणि खाली चिकटलेला, मध्ये सुटा असलेला खांब. रात्रीतून पारा एकदम कोसळला की तो आकसतो, पण दोन्ही टोकं पकडलेली असल्यामुळे ताणलेला राहतो. अशा वेळी एका घावाने आडवी भेग जाऊन सबंध खांब उतरल्याची उदाहरणं आहेत. थंडीच्या लाटेनंतर पहिल्या सकाळी अशा खांबांच्या वाटेला जात नाहीत.

रंगाचंही सांगतो. निळा बर्फ म्हणजे घट्ट, हवेचे बुडबुडे कमी. पांढरा म्हणजे हवा कोंडलेली. पिवळट-तांबूस दिसला तर पाण्यातली खनिजं. खाणींच्या भागात तो दिसणारच.

---

सातारी_कातळ

बरोब्बर! आमच्या शेजारी एक केशरी पडदा होता, मला कुणीतरी चहा ओतलाय असं वाटलेलं.

---

तेखला_रिटर्न

उत्तरकाशीला निमचा (नेहरू पर्वतारोहण संस्थेचा) बेसिक कोर्स केलाय, त्यामुळे वाचताना पोटऱ्या दुखायला लागल्या. आमचं आइस क्राफ्ट, म्हणजे बर्फावर चालायचं-चढायचं शिक्षण, डोकरियानी बामक हिमनदीवर. तेखल्याला कातळावर आठवडाभर मिरवलेली आम्ही महाराष्ट्रातली पोरं, बर्फावर पहिल्या दिवशी बदकासारखी चालत होतो. उस्तादजी काठी घेऊन मागे, टाच उचलली की काठी पोटरीवर. तुमचा सरपंच सौम्य आहे.

पण एक फरक. हिमनदीचा बर्फ वर्षानुवर्षं दाबल्या गेलेल्या हिमाचा असतो, उतारही बहुतेक ठिकाणी बेताचा. तुम्ही चढलात तो वाहतं पाणी गोठून झालेला. त्याच्यावर आमची एक सरळ कुऱ्हाड फार कामाची नाही. स्पितीत आणि लडाखमध्ये आता गोठलेल्या धबधब्यांवर लोक चढायला लागलेत, तिथे हाच प्रकार.

---

उनाड_पाऊस

लेख आवडला, पण वरून दोर असताना पडलो तर तीन फूट. याला धाडस म्हणायचं का? आपल्याकडे तैलबैल्याची भिंत लीड करणाऱ्या माणसाने याचं एवढं कौतुक करावं? रागावू नका.

---

सातारी_कातळ

रागावलो नाही. तैलबैला मी लीड केलेला नाही, सेकंडनेच गेलोय, ते वर लिहिलंय.

धाडस असं मी कुठे म्हटलं नाही. पण बर्फावर लीड का करायचं नाही हे सांगतो. कातळावर लीड करताना माणूस पडतो, कातळातला बोल्ट त्याला धरतो, तो परत चढतो. बर्फावर लीड करणाऱ्याने पडायचंच नाही, असा तिथला नियम आहे. स्क्रू म्हणजे पोकळ नळी, दहा ते बावीस सेंटिमीटरची, हाताने फिरवत बर्फात बसवायची. चांगल्या बर्फात ती भक्कम धरते, उन्हाने सडलेल्यात भरवसा नाही. आणि स्क्रूने धरलं तरी पडताना बुटाचे दात कुठेतरी अडकतात आणि घोटा गेलाच. वर हातात दोन धारदार टूल्स. सरपंच स्वतः दोन हिवाळे फक्त वरच्या दोरावर चढला, मग लीडला हात घातला. पहिल्या दिवशी मी काय शहाणपणा करणार?

---

उनाड_पाऊस

हे पटलं. माझा शब्द मागे.

मात्र एक विचारतो. दोन चढायांचं एवढं रसभरीत वर्णन आणि तिसरी, तीही डब्ल्यूआय ४, एका ओळीत? टॉप झाला का?

---

सातारी_कातळ

केला की मार्ग. लेख लांबत होता.

---

वैद्यबुवा

बोटांच्या कळांबद्दल, पेशाने डॉक्टर आहे म्हणून. थंडीत शरीर हाता-पायांच्या रक्तवाहिन्या आकसून घेतं, आतली ऊब वाचवायला. त्यात हात वर आणि मूठ गच्च. खाली आल्यावर रक्त एकदम परततं, तेव्हा ही कळ. भयंकर, पण सहसा पाच-दहा मिनिटांत ओसरते. उपाय साधे: चढताना मध्येच एक हात खाली सोडून झटकायचा, चढायला पातळ हातमोजे आणि उभं राहायला जाड, ओले झाले की बदलायचे. मधला थांबण्याचा वेळ नुसता उभं राहून घालवू नका.

कळ आली तर चांगलंच, असं समजा. कळ न येता बोट पांढरं, मेणासारखं आणि बधिर राहिलं तर तो हिमदंश असू शकतो. तिथे चोळाचोळी करायची नाही, बर्फ तर मुळीच चोळायचा नाही. दिवस संपवा आणि दवाखाना गाठा.

---

एडिनबरा_पाव्हणा

इथली गंमत वेगळी. स्कॉटलंडमध्ये बेन नेव्हिस जेमतेम १,३४५ मीटर, आपल्या कळसूबाईहून तीनशे मीटर कमी, पण हिवाळ्यात भल्याभल्यांची जिरवतो. इथे यूरेसारखे सुबक पडदे क्वचित. दबलेला हिम, दगडावर वाऱ्याने चिकटून गोठलेले तुषार, आणि गोठलेली गवताची ढेकळं. होय, लोक गोठलेल्या गवतात टूल मारून चढतात आणि ते अगदी प्रतिष्ठेचं मानलं जातं. गवत गोठलेलं नसेल तर चढू नये, असा संकेत आहे, नाहीतर ढेकूळ उपटून येतं आणि मार्गही खराब होतो. आणि हवा? दिवसात पाऊस, गारा, हिम आणि परत पाऊस. माहेरची आठवण येते.

---

हळदीकुंकू

वडिलांचा प्रश्न वाचून हसू आलं आणि मग गलबलून आलं. माझे सासरे अजून रात्री पाणी धरायला जातात, आता बिबट्याच्या भीतीने फटाके घेऊन.

मला लडाखमधले आइस स्तूप आठवले. तत्त्व हेच की. हिवाळ्यात वाया जाणारं ओढ्याचं पाणी पाइपने आणायचं, उताराच्या जोराने उंच उडवायचं आणि पडता पडता गोठवायचं. आकार मुद्दाम शंकूसारखा, म्हणजे एवढ्या बर्फाला ऊन कमी लागतं आणि तो वसंतापर्यंत टिकतो, पेरणीच्या वेळी शेतांना पाणी मिळतं. सोनम वांगचुक यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्याही आधी लडाखचेच अभियंते चेवांग नॉर्फेल यांनी गावांच्या वरच्या बाजूला पाणी अडवून कृत्रिम हिमनद्या केल्या. तिकडे पोटासाठी आणि इकडे खेळासाठी, असं मनात आलं. टीका नाही, नुसतं मनात आलं.

दुसरं, आमच्यासारख्या अजिबात डोंगर न चढलेल्या चाळिशीच्या बायकांना जमेल का हे?

---

सातारी_कातळ

ताई, तुमचा लडाखचा मुद्दा डोक्यात राहिला म्हणून नकाशा उघडून बसलो. घळीतला बर्फ मार्च-एप्रिलमध्ये वितळून अनकम्पाग्रेलाच मिळतो. ती खाली माँट्रोझवरून जाते आणि डेल्टापाशी गनिसन नदीला मिळते. त्या खोऱ्यात सगळी पाटाच्या पाण्याची शेती. ओलेथ नावाच्या गावाचा गोड मका तर अख्ख्या कोलोरॅडोत प्रसिद्ध आहे, ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या बाजारात नाव सांगून विकतात. तेव्हा ज्या पडद्याने माझा ओठ फोडला त्याचे चार थेंब कणसात जात असतील, अशी समजूत मी करून घेतली आहे. आप्पांना आता हे सांगतो.

जमण्याबद्दल: आमच्या शेजारच्या त्या 'टाच'वाल्या बाई साठीच्या असाव्यात. ताकद कमी असलेली माणसं पहिल्याच दिवशी छान चढतात, कारण ती पायांवर उभी राहतात. दंडावर भरवसा असलेले माझ्यासारखे दमतात. गावात बूट, क्रॅम्पॉन, टूल्स, हेल्मेट सगळं भाड्याने मिळतं, वाटाड्याही मिळतो. ओळखीचं अनुभवी कुणी नसेल तर वाटाड्या घ्याच. हा खेळ व्हिडिओ बघून शिकायचा नाही.

---

मेतकूट

डब्ल्यूआय ४ म्हणजे काय ते कुणी सांगेल का? वायफायची आवृत्ती वाटतेय.

---

तेखला_रिटर्न

वॉटर आइस. आकडा चढत जातो तसा मार्ग उभा आणि सलग होत जातो. २ म्हणजे जिन्यासारखा उतार, मध्ये थांबायला भरपूर जागा. ३ ला उभा चढ येतो, पण विसावे असतात. ४ म्हणजे बराच वेळ जवळजवळ उभं आणि विसावा शोधावा लागतो. ५ ला दंडाची परीक्षा. पण आकडा सकाळचा वेगळा, दुपारचा वेगळा. दहा जण चढून गेले की टूल्सची भोकं आणि पायऱ्या तयार असतात, मग ४ चा ३ होतो.

पहिल्याच दिवशी ४ केला असेल तर धागाकर्त्याला सलाम.

---

सरपंच_डेन्व्हरकर

नमस्कार मंडळी. बायकोने लिंक पाठवली म्हणून खास खातं काढलंय. मीच तो सरपंच.

दोन-तीन दुरुस्त्या. थालीपीठ माझ्या हातचं होतं, त्याचा उल्लेख फक्त ओकारीच्या संदर्भात आलाय याची नोंद घेतली आहे. "दात मोज" म्हणायच्या आधी मी "लागलं का रे?" विचारलं होतं, ते याला हेल्मेटवर बर्फ आदळताना ऐकू आलं नसावं. तिळगूळ खिशात ठेवायचा सल्लाही माझा, शुक्रवारी रात्रीचा. याने सॅकच्या तळाला टाकले.

तिसऱ्या मार्गाबद्दल वर बरीच चौकशी झाली आहे, तर सांगतो. पोरगं छान चढलं. टाच खाली, मूठ सैल, घाव एकेकच. मी ओरडायचं थांबलो होतो. वरच्या फुगवट्याखाली दंड गेले आणि "घे" म्हणाला. मी दोर ताणून धरला आणि तो त्यावर लटकला. टॉपला आठ फूट राहिले होते.

---

सातारी_कातळ

सहा.

---

सरपंच_डेन्व्हरकर

आठ. दोर माझ्या हातात होता.